चढाईच्या वहीतला शेरा

दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या खात्याच्या क्रीडा स्पर्धांचं परिपत्रक येतं आणि दरवर्षी त्याच आठवड्यात आमच्या कार्यालयातल्या बायकांच्या कमरा धरतात. यंदाही तसंच झालं. कॅरमसाठी सहा नावं आली, रांगोळीसाठी अकरा. कबड्डीचा रकाना रिकामा. एकीच्या घरी लग्न निघालं, दुसरीच्या मुलीची परीक्षा निघाली. तिसरी म्हणाली, "मॅडम, माझ्या नावापुढे तुम्हाला हवं ते कारण लिहा, मी सही करते."

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "जिंका असं मी म्हणत नाही. पण संघ उभा राहिला पाहिजे. तुम्ही खेळलेल्या आहात ना?"

खेळले होते. शाळेत, मग कॉलेजात, आणि एकदा जिल्ह्याच्या संघातून. तेव्हा मी बेचाळीस किलोची होते आणि चढाई हे माझं काम. अंगात ताकद नव्हतीच. कुणी धरलं की खेळ संपला, म्हणून धरू द्यायचं नाही एवढंच मला येत होतं. खांदा डावीकडे टाकायचा, नजरही डावीकडे, आणि पाय निघायचे उजवीकडे. समोरची झुकली की तिच्या मोकळ्या हाताला बोट लावून परत. आमचे खेळाचे सर म्हणायचे, "ही पोर म्हणजे ओलं माकूल. हातात येते, पण राहत नाही." ज्यांनी मासळीबाजारात बुळबुळीत माकूल हाताळलंय त्यांना हे कौतुक का होतं ते कळेल. मला त्यानंतर आयुष्यात पुष्कळ प्रशस्तिपत्रकं मिळाली, पण ते वाक्य कुठल्याच फायलीत लावता आलं नाही.

यंदा मला अठ्ठेचाळीस पूर्ण झाली. वजन बहात्तर. उजव्या गुडघ्याबद्दल डॉक्टरांनी उड्या बंद असं सांगून ठेवलेलं. म्हणजे ही शेवटची स्पर्धा, हे मला स्पष्ट होतं. मी मनाशी एकच ठरवलं. एक गुण मिळवायचा, फक्त एक, पण पूर्वीसारखा. हूल देऊन, अंगाला हात लागू न देता. घरी सांगितलं नाही, ऑफिसात तर नाहीच. फक्त नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं, कारण लिहिलं नाही की माझ्याकडून कुठलीच गोष्ट होत नाही.

वही दोनशे पानी, पुठ्ठ्याची. पाच रकाने आखले: तारीख, चढाई करणारी, प्रकार, निकाल, शेरा. प्रकारात दोनच गोष्टी, 'हूल' किंवा 'सरळ'. सरळ म्हणजे जी डोकं खाली घालून अंगावर जाते आणि धरलं तरी ओढत मध्यरेषेपर्यंत येते ती. त्या प्रकाराबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट होतं. तो खेळ नव्हे, हमाली आहे, असं मी कॉलेजात सगळ्यांना सांगायचे.

नावं मी एकेकीच्या टेबलापाशी उभी राहून घेतली. दहा जमल्या. सराव मिरजोळ्याला, आमच्या घराजवळच्या शाळेच्या मैदानावर, ऑफिस सुटल्यावर पावणेसहा ते सात. मैदान कातळावरचं. त्यावर तांबडी माती पसरलेली, तरी खडे वर येतातच. पहिले दोन दिवस आम्ही खडेच वेचले. तिसऱ्या दिवशी फक्कीने रेषा मारल्या आणि आमच्या आवक-जावक टेबलावरची बाई चढाईला गेली.

हिचं माहेर जयगडचं, घरचा मासेमारीचा मचवा असलेलं. वय पस्तिशीच्या आतबाहेर, अंगाने भरलेली. ऑफिसात ती इतकी शांत की टपाल टेबलावर ठेवून गेलेली कळत नाही. कबड्डी तिने जन्मात खेळली नव्हती. डोक्याचा रुमाल मागे घट्ट बांधून ती आत गेली आणि सरळ मधल्या दोघींवर धडकली. त्यांनी धरलं. ती वळली आणि चालायला लागली. त्या दोघी तिच्या कमरेला लोंबकळत मध्यरेषेच्या अलीकडे आल्या. त्यातली एक बांगडी वाढवली म्हणून कुरकुरत होती.

"अगो, आधी बघ तरी समोर कोण आहे ते!" मी ओरडले.

"कशाला बघायचं, मॅडम? मागची रेघ माहीत आहे ना. तिकडे जायचं."

"आणि चौघींनी धरलंन म्हणजे?"

"लहानपणी आम्ही बाबांबरोबर होडी वर काढायचो वाळूतून. होडी काय कमी जड?"

सगळ्या हसल्या. मी वहीत लिहिलं: सरळ, दोन गुण. शेरा: नशीब.

मग मी गेले. खांदा टाकला, नजर टाकली, पाय काढला. निदान मला तरी तो काढल्यासारखा वाटला. कोपऱ्यातल्या लेखा विभागातल्या मुलीने माझा घोटा असा धरला की जसा काही तो तिच्यासाठीच ठेवला होता. मी वहीत लिहिलं: हूल, बाद. शेरा: खडा.

तीन आठवडे हेच चाललं. चढाई शिकवायची म्हणून मी दाखवायला जायचे आणि धरली जायचे. त्यातून आणखी एक खोड. मला चढाई चालू असतानाच सूचना द्यायची सवय. तोंडाने 'कबड्डी कबड्डी' चालू आहे आणि मध्येच, "अगो तू मागे हो, रेषा बघ तुझी." की दम गेला, मी बाद. एका संध्याकाळी असं तीनदा झालं. पंचवीस वर्षं लोकांच्या अहवालांतल्या चुका त्यांच्या तोंडावर सांगायचा पगार घेतल्यावर दुसरं काय होणार? वहीच्या मागे मी संघासाठी सूचनांचं पान केलं होतं, त्यावर सातवा मुद्दा म्हणून मी लिहिलं, चढाईत बोलायचं नाही. खाली दोन रेघा मारल्या.

एका मुलीने मोबाइलवर माझी चढाई टिपली आणि आमच्या ग्रुपवर टाकली. मी ती स्वयंपाकघरात उभी राहून पाहिली. आतून मला जे विजेसारखं वाटत होतं ते बाहेरून, अरुंद गल्लीत रिक्षा मागे घेणाऱ्या माणसासारखं दिसत होतं. आधी डोकं वळतं, मग बराच वेळ काही होत नाही, मग बाकीचं सगळं एकदम वळतं. माझ्या नवऱ्याने मागून डोकावून पाहिलं आणि विचारलं, "पडलीस का कुठे?" मी म्हटलं, "ही हूल आहे." तो म्हणाला, "बरं," आणि कुकरची शिट्टी मोजायला लागला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, पावसाळी हवा झाली म्हणून सराव लवकर आटोपला. मी वही बाकावर ठेवून पाणी प्यायला गेले. परत आले तर जयगडची बाकावर बसून ती वाचत होती. आवक-जावकवालीपुढे कागद उघडा ठेवला की ती वाचणारच, त्यात तिची चूक नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "ह्या शेऱ्यात बघा हां. 'खडा.' 'माती ओली.' 'सूर्य डोळ्यावर.' 'शिट्टी उशिरा.' 'बुटाची नाडी.' 'मैदान उतरतं.' सगळा दोष मैदानाचाच? आमच्यातल्या एकीने पण तुम्हाला कधी चांगलं धरलंन नाय?"

"ती नोंद आहे. नोंद खरीच असते."

"आणि हे बघा. तीन ठिकाणी 'सरळ' लिहिलंय तुमच्या नावापुढे. तीनही वेळा गुण. शेरा काय, तर 'चुकून'." ती एवढी हसली की रुमाल सुटला. "चुकून जिंकता, मॅडम, आणि ठरवून हरता!"

मी वही काढून घेतली. रात्री जेवणं झाल्यावर ते तीन दिवस आठवून पाहिले. खरंच होतं. एकदा पाय घसरला म्हणून मी समोरच्या बाईवर आदळले होते, एकदा चिडून सरळ गेले होते, एकदा उशीर होत होता म्हणून. तिन्ही वेळा कुणीतरी मला धरलं होतं आणि कुणालाच मला थांबवता आलं नव्हतं. बहात्तर किलोला जिथे जायचं असतं तिथे ते जातं. ही साधी गोष्ट माझ्याच अक्षरात, माझ्याच वहीत लिहिलेली होती आणि मी तिला शेरा मारून गप्प केलं होतं. याचा मला इतका राग आला की मी पुढचं पान कोरं सोडलं.

तरी शनिवारी सकाळी मी हूल देणारच होते. हे लिहून ठेवते, कारण नंतर पुष्कळांनी मला विचारलं की असं का केलंस. मला गुण नको होता असं नाही. मला तोच गुण हवा होता.

पहिला सामना आम्ही जिंकलो, कारण समोरचा संघ आलाच नाही. दुसरा उपांत्य. समोर चिपळूणच्या बायका, सगळ्यांचे टी-शर्ट एकाच जांभळ्या रंगाचे. नाणेफेकीच्या वेळी त्यांच्या उजव्या कोपऱ्यात खेळणारी, गोल चेहऱ्याची, शांत बाई माझ्याजवळ आली. "मॅडम, आवाजावरून ओळखलं बघा. त्रैमासिक अहवालासाठी आपला फोन असतो ना? तुम्ही किती समजावून सांगता हो!" आम्ही हात मिळवला. तिची पकड चांगली होती. तेव्हाच मला सावध व्हायला हवं होतं.

खेळ मॅटवर होता. मॅटवर दोन्ही बाजूंना वेगळ्या रंगाचा पट्टा असतो, राखीव क्षेत्र. कुणाला तरी शिवल्याशिवाय त्यात पाय टाकला की चढाई करणारी आपोआप बाद. हा नियम मला पाठ आहे, मीच तो सगळ्यांना शिकवला होता.

पहिल्या चढाईत मी खांदा डावीकडे टाकला. कुणी हललं नाही. नजर टाकली. जांभळ्या टी-शर्टातल्या सातही जणी हात पसरून, गुडघे वाकवून जिथल्या तिथे उभ्या, आणि माझ्याकडे अशा बघत होत्या की ही बाई नक्की काय शोधते आहे. मी उजवीकडे निघाले तर तिथे ती गोल चेहऱ्याची होतीच. ती तिथून गेलीच नव्हती. तिने घोटा धरला, बाकीच्या आल्या, मी बाद.

परत आत आल्यावर दुसऱ्या वेळी मी अगदी कडेने गेले. लहानपणीच्या आमच्या मैदानाला राखीव पट्टा नव्हता. एका बाजूला शेताचा बांध आणि दुसऱ्या बाजूला घळ, मधे जेवढी जागा तेवढं मैदान. मी बांधाला घासून जायचे आणि तिथे कुणाचा हात पोचायचा नाही. इतक्या वर्षांनी पाय तिकडेच गेले. शिट्टी. पंचांनी पट्ट्याकडे बोट दाखवलं. कुणी मला शिवलं नव्हतं, मी कुणाला शिवले नव्हते, आणि मी बाद.

मी बाकावर बसले आणि थोड्या वेळाने जयगडचीही आली. तिला नुकतंच पाच जणींनी मिळून खाली बसवलं होतं, पण त्याआधी तिने एकटीने आमचे निम्म्याहून जास्त गुण आणले होते. ती शेजारी बसली आणि माझा संताप बाहेर पडला.

"अगो, ह्यांना हूल कळतच नाही! मी डावीकडे दाखवते तर झुकायला नको? वर्षातून एकदा खेळतात ह्या. खेळणारी असती तर फसली असती. ह्यांना काही येतच नाही, म्हणून ह्या फसत नाहीत!"

ती घाम पुसत होती. "मग देता कशाला?"

 ज्या मुलींना मी फसवायचे त्या सगळ्या माझ्याएवढ्याच तयार होत्या. माझ्या खांद्यावरून माझे पाय वाचणाऱ्या. त्या वाचायच्या, म्हणून मला खोटं लिहिता यायचं. इथे मी दोन चढाया न वाचणाऱ्यांसमोर घालवल्या होत्या.

शेवटच्या मिनिटाला आमच्या लेखा विभागातल्या मुलीने एक पकड केली आणि आधी बाद झालेली म्हणून मी परत आत आले. आम्ही दोन गुणांनी मागे होतो. जयगडची अजून बाहेरच. शेवटची चढाई, आणि जायला मीच होते.

"मॅडम, सरळ!" बाकावरून तिचा आवाज आला. मग सगळ्याच ओरडायला लागल्या. "सरळ, मॅडम! होडी, होडी!"

मी दम धरून आत गेले. खरं सांगायचं तर डावा खांदा तेव्हाही थोडासा हललाच. मग मी तो आवरला, डोकं खाली घातलं आणि मधल्या दोघींच्या मधे घुसले. एकीने कमरेला मिठी मारली, दुसरीने दंड धरला, आणि कोपऱ्यातून तिसरी आली, तीच, गोल चेहऱ्याची. तिने खाली बसून पाय धरला. मी वळले. मध्यरेषा चार हातांवर होती. मी एक पाऊल टाकलं आणि त्या तिघी माझ्याबरोबर आल्या. आणखी एक टाकलं. तोंडाने 'कबड्डी कबड्डी' नीट चालू होतं. मला आतून कळलं की ह्यांच्याने मी थांबणार नाही. हे मला आवडलं असं मी म्हणणार नाही, पण त्यात शंका नव्हती. तिघींचे तीन गुण म्हणजे सामना आमचा.

आणि तेव्हा तिने धरलेला पाय पिळला. उजवा. गुडघ्यात कळ आली.

"अहो, तो गुडघा दुखरा आहे, दुसरा धरा!" मी म्हणाले.

स्पष्ट, शांत, फोनवर अहवालातली चूक दाखवते त्याच आवाजात.

"अय्या, सॉरी सॉरी मॅडम!" ती म्हणाली आणि तिने पाय लगेच सोडला. मी उरलेल्या दोघींना घेऊन मध्यरेषेच्या पलीकडे जाऊन पडले. आमच्या बायका किंचाळत आत धावल्या, कुणी माझी पाठ थोपटली, कुणी पाणी ओतलं. मग आम्ही सगळ्यांनी पंचांकडे पाहिलं. ते त्यांच्या बाजूला हात करून उभे होते. एक गुण चिपळूणला.

"दम गेला," ते म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "मॅडम, तुम्ही बोललात."

मी वाद घातला नाही. मुद्दा क्रमांक सात, खाली दोन रेघा.

गोल चेहऱ्याची बर्फाची पिशवी घेऊन बाकापाशी आली. गुडघ्यापुढे उकिडवी बसून म्हणाली, "मी ऐकायला नको होतं हो. तुमचा आवाजच असा की लगेच ऐकावंसं वाटतं." तिला हे सांत्वन वाटत होतं. मी आभार मानले. सोमवारी मला तिच्याकडूनच एक माहिती मागवायची होती आणि ती तिने वेळेआधी पाठवली, हेही नोंदवून ठेवते.

परतताना गाडीत बाकीच्या जेवणावर बोलत होत्या. साहेबांचा फोन येऊन गेला, "संघ उभा राहिला, छान झालं." मी खिडकीकडे बसून वही काढली. गाडी हलत होती, तरी रकाने भरले. पहिली चढाई: हूल, बाद. दुसरी: हूल, बाद. तिसरी. इथे पेन थांबलं. प्रकार: सरळ. निकाल: दोघींना घेऊन मध्यरेषा ओलांडली, दम गेला, बाद.

शेऱ्याचा रकाना राहिला. गुडघा, असं लिहिता आलं असतं. ते खरंही होतं. पंचांचं हसणं, मॅटचा नवा वास, चिपळूणच्या बाईचा चांगुलपणा, सगळं मनात येऊन गेलं. पहिल्या पानावरची ती एक ओळही मनात आली, जी आता कुठल्याच रकान्यात बसणार नव्हती. मला रडू येत नव्हतं, नुसता वैताग आला होता. एवढं वजन मी इतकी वर्षं बाळगलं आणि ते कामाला येतं हे कळलं तेव्हा मला गप्प राहता आलं नाही.

जयगडची शेजारी येऊन बसली. तिने वहीत डोकावलं, मग माझ्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं. टपालाच्या नोंदवहीत लिहिते तशा बारीक, सरळ अक्षरात तिने तिसऱ्या चढाईपुढे शेरा लिहिला आणि खाली तारखेसह सही केली.

"बघा, बरोबर आहे ना?"

मी वाचलं. लिहिलं होतं, 'मैदान चांगलं होतं.'

मी वही मिटली. खाडाखोड केली नाही.